झाकण लावणारा हात

फ्लेमप्रूफ पेटी स्फोट थांबवत नाही. स्फोट होईलच, असं धरूनच ती घडवलेली असते. बाहेरचा ज्वालाग्राही वायू कधी ना कधी आत शिरेल, स्विचची ठिणगी त्याला लागेल आणि पेटीच्या पोटात भडका उडेल, हे तिच्या रचनाकाराने आधीच मान्य केलेलं असतं. म्हणून तिच्या भिंती जाड, ओतीव धातूच्या. म्हणून झाकण आणि पेटी जिथे एकमेकांना टेकतात त्या कडा बोटभर रुंद आणि घासून अगदी सपाट केलेल्या. भडक्याचा दाब या दोन कडांमधल्या फटीतून बाहेर निसटतो, पण निसटता निसटता दोन्ही बाजूंचा थंड धातू त्यातली उष्णता ओढून घेतो. बाहेर येतो तो नुसता गरम वारा. ज्वाला वाटेतच विझलेली असते.

इतकी वर्षं या पेट्या उघडून पाहतो आहे, तरी या कल्पनेची नवलाई माझ्या मनातून गेलेली नाही. हंफ्री डेव्हीने 1815 मध्ये खाणकामगारांच्या दिव्याभोवती तारेची बारीक जाळी बसवली, तेव्हा त्यानेही हेच ओळखलं होतं की आगीला जायला वाट असावी, पण त्या वाटेवरून जाताना तिची धग उतरावी. दोनशे वर्षांत धातू बदलले, दिव्यांची वीज झाली, कोळशाच्या खाणीतून हे ज्ञान तेलाच्या कारखान्यात आलं. मूळ गोष्ट तीच राहिली. सगळं त्या फटीवर अवलंबून आहे.

फट केवढी? हेक्झेन नावाच्या द्रवासाठी प्रयोगशाळांनी काढलेली मर्यादा आहे 0.93 मिलिमीटर. फट त्याहून रुंद झाली की ज्वाला जिवंत पलीकडे पोचू शकते. प्रत्यक्ष पेट्यांना मानकाने यापेक्षा कितीतरी कमी फट ठरवून दिली आहे, मिलिमीटरचे काही दशांश. डोळ्यांना ती दिसतसुद्धा नाही. फीलर गेजची पातळ पोलादी पात कडांमध्ये सरकवून पाहावी लागते, ती आत जायला नको. गेली, तर त्या पेटीवर कितीही मोठ्या संस्थेचा शिक्का असला तरी ती आता साधी लोखंडी पेटी आहे.

हेक्झेनचं नाव आधी घेतलं, कारण माझ्या कामाचा मोठा भाग त्याच्याच सहवासात गेला. मी खामगावचा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसं पत्ता सांगताना घाटावरचा की घाटाखालचा, हे आधी सांगतात. घाटावर चिखली, मेहकर, लोणारकडे सोयाबीन. घाटाखाली पूर्णेच्या काळ्या मातीत कापूस. खामगावचा बाजार कापसानेच मोठा केला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडवला तेव्हा साऱ्या जगाची नजर वऱ्हाडाकडे वळली, आणि 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेचा फाटा गाठी वाहून नेण्यासाठी टाकला गेला. व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला इथवर आले होते. सोयाबीन फार नंतर आलं. ते माझ्या डोळ्यांदेखत वाढलं, आणि त्याच्यामागोमाग विदर्भ-खानदेशात सॉल्व्हंट प्लांट उभे राहिले.

सोयाबीनच्या दाण्यात तेल फार नसतं, शंभरात अठरा-वीस भाग. घाण्यात पिळून ते पुरतं निघत नाही. म्हणून दाणा भरडून, वाफवून, रोलरखाली त्याचे पोह्यांसारखे पातळ फ्लेक्स करतात आणि त्यावर हेक्झेनचा शिडकावा करतात. हेक्झेन तेल विरघळवून आपल्याबरोबर नेतं. पुढे तापवलं की सत्तर अंशांच्या आतच त्याची वाफ होऊन ते तेलापासून वेगळं होतं, थंड करून पुन्हा द्रव केलं की परत शिडकाव्याला. उरलेल्या डीओसीतलं, म्हणजे तेल काढलेल्या पेंडीतलं, हेक्झेनही वाफेने काढून घ्यायचं. फार देखणी प्रक्रिया आहे ही. हंगामात एक्स्ट्रॅक्टरच्या काचेच्या खिडकीतून आत पाहावं, फ्लेक्सच्या जाड थरावर ती पारदर्शक धार अखंड पडत असते आणि खालून सोनेरी मिसेला, म्हणजे तेल आणि हेक्झेनचं मिश्रण, वाहत असतो. आपल्या घरातल्या फोडणीचं तेल असं जन्माला येतं.

आणि या सगळ्या वेळात, कुठल्या तरी जुन्या पॅकिंगमधून, पंपाच्या सीलमधून, नीट न बसलेल्या मॅनहोलच्या झाकणातून थोडंसं हेक्झेन बाहेर येत राहतं. हवेच्या शंभर भागांत ते एक-सव्वा भाग मिसळलं की पेट घ्यायला तयार. त्याची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर उडून जात नाही, वाफ्यात सोडलेल्या पाण्यासारखी उतार शोधत जाते, केबलच्या चरात, पंपाच्या खड्ड्यात, गटारात साठून राहते. तिला पेटवायला लागणारी ऊर्जा मिलिज्यूलच्या पाव भागाएवढी. आमच्याकडच्या कोरड्या थंडीत पॉलिस्टरचा सदरा घालून चार पावलं चाललेल्या माणसाच्या अंगावर तिच्या कित्येक पट ऊर्जा साठते. म्हणून प्लांटमध्ये सुती कपडे, म्हणून पाइपच्या प्रत्येक जोडावर तांब्याची पट्टी, म्हणून टँकर रिकामा करण्याआधी त्याला अर्थिंगचा चिमटा. मोबाइल गेटवर. काडेपेटी, बिडी गेटवर.

1981 सालच्या 13 फेब्रुवारीला अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात काय झालं, हे मी प्रत्येक नव्या प्लांटमध्ये सांगतो. तिथल्या एका सोयाबीन कारखान्यातून हेक्झेन गटारात गेलं आणि रात्रभर शहराखालून पसरत राहिलं. पहाटे कामावर निघालेल्या दोन बायकांची गाडी एका रेल्वे पुलाखालून जात होती, तिची ठिणगी मॅनहोलमधून वर आलेल्या वाफेला लागली असं मानतात. दोन मैलांहून जास्त लांबीचे रस्ते उकलले गेले, जिथे रस्ता होता तिथे खंदक झाले. पहाटेची वेळ म्हणून माणसं वाचली. हे ऐकताना प्लांटमधली मुलं नेहमी खाली, चराच्या जाळीकडे बघतात. तेवढंच मला हवं असतं.

तपासणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फाइल घेऊन आलेला साहेब येतो. कागद असतातच. हेक्झेन हे पेट्रोलियमच्या सर्वांत ज्वालाग्राही वर्गातलं, त्यामुळे त्याच्या साठ्याला पेट्रोलियम नियम 2002 लागू होतात आणि परवाना नागपूरच्या पेसोकडून, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेकडून. ही संस्था 1898 पासून आहे, तिचं मुख्यालय आपल्या विदर्भात आहे, याचा मला अभिमान वाटतो. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 चं कलम 37 पेट घेणारी धूळ, वायू आणि वाफ यांच्यासाठीच होतं, ते राबवायचं काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं होतं. पेटीचा नमुना धनबादच्या खाण व इंधन संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेत वायू भरून, आत मुद्दाम ठिणगी पाडून तपासला जातो. हे सगळं झाल्यावर पेटीवर धातूची पाटी बसते. ईएक्स डी, टू ए, टी थ्री. ‘डी’ म्हणजे फ्लेमप्रूफ. ‘टू ए’ हा वायूचा गट, हेक्झेन त्यातच येतं. ‘टी थ्री’ म्हणजे पेटीचा बाहेरचा पृष्ठभाग काही झालं तरी 200 अंशांच्या वर तापणार नाही. हेक्झेन सव्वादोनशेच्या आसपास ठिणगीशिवायही पेटतं, म्हणजे मधलं अंतर पंचवीस अंशांचं.

पण पाटी त्या दिवसाची असते, ज्या दिवशी पेटी प्रयोगशाळेतून किंवा कारखान्यातून बाहेर पडली. त्यानंतर ती प्लांटमध्ये पंधरा-वीस वर्षं राहते. तिच्यावर आमचं बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं ऊन पडतं, पावसाळा येतो, डीओसीचा भुकटा बसतो, मोटरची थरथर तिचे बोल्ट रोज थोडे थोडे सैल करते. कुणीतरी ती उघडतं आणि बंद करतं. पुन्हा उघडतं, पुन्हा बंद करतं. ज्या पेटीने प्रयोगशाळेत आतला स्फोट गिळला, ती आज पुन्हा गिळेल की नाही, हे त्या शेवटच्या झाकण लावणाऱ्या हातावर ठरतं. रात्री दोन वाजता, टॉर्चच्या उजेडात, वरून ‘प्लांट कधी चालू होणार’ असे फोन येत असताना आठांपैकी सहा बोल्ट ज्याने आवळले आणि दोन चिखलात पडले म्हणून सोडून दिले, त्या हातावर.

मानकात तपासणीच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली नुसत्या डोळ्यांनी, लांबून. दुसरी जवळ जाऊन, शिडी लावून, पाना घेऊन. तिसरी पेटी उघडून. तज्ज्ञाचा सल्ला नसेल तर दोन तपासण्यांमध्ये तीन वर्षांपेक्षा जास्त अंतर नको, असंही म्हटलं आहे. पहिल्या पायरीत बोल्ट नाही, काच तडकली आहे, केबल लोंबते आहे, एवढं दिसतं. दुसरीत बोल्ट आहे पण हाताने फिरतो, हे कळतं. खरं काय ते तिसरीत. पण तिसरीसाठी वीज बंद करावी लागते, वीज बंद म्हणजे प्लांट बंद, आणि हंगामात प्लांट बंद करणं मालकाच्या जिवावर येतं. म्हणून तिसऱ्या पायरीची माझी वेळ सोयाबीनच्या हंगामाआधीची, गणपती ते दसरा. तेव्हा यंत्रं गार असतात, टाक्या हेक्झेन काढून, वाफेने धुऊन मोकळ्या केलेल्या असतात, आणि पावसाने सगळ्या चुका दाखवून दिलेल्या असतात.

पेटी उघडली की आधी कडा बघायच्या. त्यांवर रंग नको. वर्षातून एकदा प्लांट रंगवायला येणारा पेंटर सगळं सारखंच रंगवतो, झाकण उघडं असेल तर कडाही. रंगाचा पापुद्रा कडा दूर सारतो. गंज नको, ओरखडा नको, छिन्नीचा घाव तर नकोच, आणि अडकलेलं झाकण उचकटायला पहिली आठवण छिन्नीचीच होते. मग केबलची ग्लँड, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथली पकड. केबल बारीक आणि ग्लँड मोठी असली की फट राहते, ती कुणी चिकटपट्टी गुंडाळून भरतो. वापरात नसलेलं भोक प्रमाणित प्लगनेच बंद हवं, तिथे मी लाकडाची गुल्ली पाहिली आहे, चिंधी पाहिली आहे. नवी केबल आत घ्यायची म्हणून पेटीला ड्रिलने पाडलेलं नवं भोकही पाहिलं आहे. मग पेटीसमोर काय आहे ते पाहायचं, कारण फटीतून येणाऱ्या वाऱ्याला मोकळी जागा लागते. या गटासाठी किमान दहा मिलिमीटर. कडेला चिकटून पाइपचा क्लॅम्प ठोकला असेल तर तोही काढायचा. मग दिवे. पाटीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त वॅटचा बल्ब कुणी बसवला असेल तर टी थ्रीचं गणित मोडलं. आता एलईडी आल्यापासून हे कमी झालं आहे, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

एका प्लांटमध्ये हंगामाआधी पंपाजवळची पेटी उघडली. झाकण सुटेना, रबरासारखं ताणत सुटलं. दोन्ही कडांवर पांढऱ्या सिलिकॉनचा जाड थर, चारही बाजूंनी अगदी नीट, एकसारखा दाबून बसवलेला. हे काम हलगर्जीपणाचं नव्हतं. ज्याने केलं त्याने जीव लावून केलं होतं. वायरमनला बोलावलं. पंचविशीतला पोरगा, कंत्राटदाराकडचा. आधी घाबरला, मग म्हणाला, “साहेब, पावसाचं पानी आत जात होतं. दोनदा मोटर ट्रिप झाली. मले वाटलं, पानी थांबलं तं बरंच हाय. म्या माह्या पैशानं आनली होती ट्यूब.”

मी त्याला पेटीजवळ बसवलं. फीलर गेजची पात त्याच्या हातात दिली. सिलिकॉन खरवडून काढलेल्या जागी ती शिरत नव्हती, सिलिकॉन होतं तिथे दोन्ही कडा किती लांब राहिल्या होत्या ते त्याने स्वतः मोजलं. आत भडका उडाला तर हा मऊ थर एका क्षणात जळून किंवा उडून जाईल, आणि मागे उरेल मोकळं दार, हे सांगितलं. पाणी अडवायची रीत वेगळी आहे. पेटी बनवणाऱ्यानेच ज्वालेच्या वाटेबाहेर खाच देऊन रबरी रिंग बसवलेली असते, ती बदलायची. कडांना न वाळणारं ग्रीस लावायचं. वरून पत्र्याची टोपी करायची. त्याने सगळं ऐकून घेतलं. गेजची पात बराच वेळ बोटांत धरून होता. मग म्हणाला, “मंग हे मले आधी कोनी काहून नाही सांगतलं?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि आजही या क्षेत्रात मला सर्वांत टोचणारी गोष्ट हीच आहे. पेटी बनवणाऱ्याला ठाऊक, तपासणाऱ्याला ठाऊक, मान्यता देणाऱ्याला ठाऊक. फक्त रोज उघडून बंद करणाऱ्याला ठाऊक नाही. तो कंत्राटी असतो. हंगाम संपला की जातो, पुढच्या हंगामात दुसरा येतो. पेटीबरोबर इंग्रजीतलं माहितीपत्रक येतं, ते स्टोअरच्या कपाटात जातं. एवढ्या कष्टाने, खाणींतल्या एवढ्या मरणांतून शिकलेली विद्या त्या शेवटच्या दोन हातांच्या अलीकडेच थांबते. वेल्समधल्या सेंघेनिडच्या खाणीत 1913 मध्ये 439 माणसं गेली, तेव्हा विजेच्या घंटीच्या तारेवरची एक ठिणगी हे एक संभाव्य कारण मानलं गेलं. त्या काळच्या शोधातूनच इतकी अशक्त वीज वापरायची की तिची ठिणगी काही पेटवूच शकणार नाही, ही दुसरी मोठी पद्धत जन्मली. झारखंडमधल्या, तेव्हाच्या बिहारातल्या, धोरीच्या खाणीत 1965 मध्ये 268 जण गेले. मानकातल्या प्रत्येक ओळीमागे अशी माणसं उभी आहेत. ती ओळ खामगावच्या पोराला मराठीत सांगायला कितीसा वेळ लागतो?

कापसाची गोष्ट याहून जुनी, आणि लोक ती फार हलक्यात घेतात. जिनिंगमध्ये वायू नाही, वास नाही, म्हणून भीतीही नाही. पण हवेत तरंगणारे तंतू हेसुद्धा मानकात वेगळा गट म्हणून नोंदलेले आहेत, थ्री ए. जिनच्या शेडमध्ये डिसेंबरच्या दुपारी तिरप्या उन्हात उभं राहा, प्रकाशाचा झोत दिसतो तो त्या तंतूंमुळेच. तुळयांवर, केबलच्या ट्रेवर, मोटरच्या पाठीवर तो पांढरा थर रोज चढतो. मोटर आपली उष्णता हवेला देऊन थंड राहते. तिच्या अंगावर कापसाचं पांघरूण पडलं की ती उष्णता आतच कोंडते. थर पाच मिलिमीटरपर्यंतचा असला तर ज्या तापमानाला तो धुमसू लागतो त्याच्या 75 अंश खालीच यंत्राचा पृष्ठभाग राहिला पाहिजे, असा नियम आहे. थर जाड झाला की हे गणित आणखी कडक होतं. म्हणजे जिनिंगमध्ये झाडू हेही सुरक्षेचंच साधन. तो झाडू ज्या बायकांच्या हातात असतो, कापसातला कचरा, कवड्या वेचता वेचता ज्या दिवसभर त्या तंतूंतच श्वास घेतात, त्यांना कुणी तपासणीचा भाग मानत नाही. मोटरच्या पंख्याची जाळी कधी बुजते, पट्टा कुठे घासून करपट वास येतो, हे सर्वांत आधी त्यांना कळतं. मी जिनिंगमध्ये गेलो की पहिली चौकशी त्यांच्याकडे करतो. “त्या कोपऱ्यातल्या मोटरीपाशी पाय ठेववत नाही भाऊ, लय गरम लागते,” असं एका मावशीने सांगितलं होतं. बेअरिंग गेलं होतं.

कापूस पेटला की ओरडत नाही, हे त्याचं सर्वांत वाईट. दाबलेल्या गाठीच्या पोटात ठिणगी राहिली तर ती दिवसचे दिवस धुमसू शकते. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर हेच घडलं. कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी आणि सुमारे 1400 टन स्फोटकं एकाच जहाजात होती. दुपारी धूर दिसला, चारच्या सुमाराला जहाज फुटलं, अर्ध्या तासाने पुन्हा फुटलं. आग विझवायला गेलेले 66 अग्निशमन जवान परतले नाहीत. देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. आमच्याकडे तेव्हा जिनिंगचा हंगाम ओसरत आलेला असतो, अंगणात शेवटच्या गाठी उन्हात पडलेल्या असतात. त्या सप्ताहात मी जिनिंगच्या मालकांना गाठींच्या थप्प्यांमधलं अंतर मोजायला लावतो. कुरकुर करतात, पण मोजतात.

खंडेनवमीला प्लांटमध्ये पूजा असते. यंत्रं पुसून लख्ख केलेली, पॅनेलला झेंडूचे हार, पान्यांना, हातोड्यांना हळदकुंकू. मला हा दिवस फार आवडतो. वर्षभर ज्या वस्तूंना शिव्या घातल्या त्यांना माणसं त्या दिवशी हात जोडतात. पूर्वी काही ठिकाणी निरांजन थेट एक्स्ट्रॅक्टरपर्यंत जायचं. आता मी जिथे जातो तिथे आरती गेटबाहेर, ऑफिसच्या ओट्यावर होते, आणि आत फक्त फूल जातं. पुजारीबुवांना एकदा कारण समजावून सांगितलं, त्यांनी दुसऱ्या वर्षापासून यजमानालाच आधी विचारायला सुरुवात केली, “आत दिवा चालतो का?” प्लांटमध्ये येणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारावा असं मला वाटतं.

त्या पूजेच्या आधीच्या आठवड्यात मी माझ्या तपासणीची पद्धत बदलून घेतली आहे. मी पेटी स्वतः उघडत नाही. ज्याच्याकडे ती वर्षभर असणार तो वायरमन उघडतो. कडा तो पुसतो, गेज तो लावतो, ग्लँड तो ओढून पाहतो. मी शेजारी बसतो आणि विचारतो. झाकण लावताना बोल्ट तो मोठ्याने मोजतो, सगळे झाले की समोरासमोरचे आवळतो. तपासणीच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला आहे, पेटी बंद कोणी केली. त्यात त्याचं नाव, त्याच्या हाताने लिहिलेलं. काही व्यवस्थापकांना हे आवडत नाही. पोरांवर नसती जबाबदारी टाकता, असं म्हणतात. जबाबदारी तर आधीपासूनच त्यांच्यावर आहे, काही झालं तर सर्वांत जवळ तेच उभे असतात. ज्ञान तेवढं दिलं गेलेलं नाही, मान दिला गेलेला नाही. ज्याचं नाव कागदावर आहे त्याला बोल्ट कमी असल्याचं स्टोअरवाल्याला ठणकावून सांगता येतं. ‘साहेब, आठ पाहिजेत, सहा नाही चालत’ हे वाक्य त्या कागदाच्या जोरावर येतं.

कंत्राट बदलतं तेव्हा मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून. नवीन पोरं, नवीन हात. मी मालकांना सांगत आलो आहे की वायरमनला निदान तीन हंगाम टिकवा, पगारात थोडी वाढ करा, एका नव्या फ्लेमप्रूफ मोटरच्या किमतीपुढे ती काहीच नाही. एक-दोघांनी ऐकलं. बाकीच्यांना मी पुढच्या गणपतीतही हेच सांगणार आहे.

सिलिकॉनवाला तो पोरगा आता खानदेशात एका प्लांटवर आहे, तिथे त्याच्या हाताखाली दोघं शिकतात. गेल्या हंगामात त्याचा फोन आला. नवी पेटी आली होती, पाटी वाचून दाखवत होता. “ईएक्स डी, टू बी, टी फोर लिवलं हाय साहेब. आपल्या हेक्झेनले चालते ना?”

“चालते. टी थ्री पुरतं, टी फोर त्याहून थंड. टू बी तर टू एपेक्षा कडक. ग्लँड कोणती आली आहे?”

“ग्लँड साधीच पाठवली त्यायनं. पितळेची हाय, पन वर काही लिवेल नाही.”

“मग?”

“म्या वापस केली. पेटी खोक्यातच हाय अजून. म्यानेजर ओरडून राह्यला, पन मी म्हनलं, बरोबर ग्लँड येऊ द्या, मंगच झाकन लावतो.”